मेत्सच्या संत आर्नुल्फांना बिअरचे प्रचारक ठरवू नका

समाजमाध्यमांवर गेली कित्येक वर्षं फिरणारा एक मजकूर आहे. थोडक्यात असा : संत आर्नुल्फ ५८० साली एका ऑस्ट्रियन घराण्यात जन्मले आणि पुढे फ्रान्समधल्या मेत्सचे बिशप झाले. तिथलं पाणी दूषित होतं, म्हणून त्यांनी लोकांना ‘पाणी नको, बिअर प्या’ असं बजावलं. बिअरच्या हंड्यात क्रूस बुडवून रोगाची साथ थांबवली. ‘माणसाच्या घामातून आणि देवाच्या प्रेमातून बिअर जगात आली’ हे त्यांचंच वचन. खाली फेसाळत्या ग्लासाचं चित्र.

यातलं मेत्सचं बिशपपद आणि जन्माचा अंदाजे काळ तेवढा खरा आहे.

ऑस्ट्रियाचा इथे काहीच संबंध नाही. आर्नुल्फ ऑस्ट्रेशियाचे. फ्रँक लोकांच्या राज्याचा हा पूर्वेकडचा भाग. आजचा ईशान्य फ्रान्स, लक्झेंबर्ग, बेल्जियम आणि पश्चिम जर्मनीचा काही प्रदेश त्यात येई, आणि मेत्स हे त्याचं मुख्य शहर.

आता वचन. आर्नुल्फांनी स्वतः लिहिलेलं काहीही आज उपलब्ध नाही. त्यांचं सर्वांत जुनं चरित्र सातव्या शतकातलं, लॅटिनमधलं. त्यात हे वाक्य नाही आणि पाणी सोडून बिअर पिण्याचा उपदेशही नाही. बिअरची एक आख्यायिका त्यांच्या नावाशी जोडलेली आहे, पण ती मृत्यूनंतरची. त्यांचं पार्थिव मेत्सला नेत असताना वाटेत लोकांना पेय कमी पडलं, संतांचा धावा केला आणि होतं तेवढंच सगळ्यांना पुरून उरलं. ही अक्षयपात्राच्या जातीची कथा आहे. तिच्यात ना साथ आहे, ना घाण पाणी.

साथीचा दावा तर्कालाही टिकत नाही. सहाव्या शतकापासून पश्चिम युरोपात पुनःपुन्हा आलेली महामारी प्लेगची होती, आणि गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. पाणी सोडून तो कसा थांबणार? पाण्यातून पसरणारा कॉलरा युरोपात पोचला तो एकोणिसाव्या शतकात. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलरा आला तेव्हा तिथल्या बिअर कारखान्याचे कामगार वाचले, हे खरं आहे. पण तो प्रसंग उचलून बाराशे वर्षं मागे नेऊन ठेवता येत नाही.

आणि त्या काळचे लोक पाणी पीतच नव्हते, हा समज तर मला सर्वांत जास्त खटकतो. त्यात त्या माणसांना अडाणी ठरवण्याची घाई आहे. मेत्सजवळ झ्युई-ओ-आर्श गावात आजही रोमन जलवाहिनीच्या कमानी उभ्या आहेत. गोर्झच्या झऱ्यांचं पाणी वीसेक किलोमीटरवरून शहरात आणण्यासाठी ती दुसऱ्या शतकात बांधली होती. चांगलं पाणी कोणतं, ते कुठून आणायचं, हे या भागाला आर्नुल्फांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. सहाव्या शतकातली फ्रँक राणी राडेगुंड हिने संन्यास घेतल्यावर शुद्ध वाइन, मध आंबवून केलेलं मद्य आणि गढूळ बिअर यांना शिवायचं सोडलं. ती मध घातलेलं पाणी किंवा नासपतीचं पेय घेई, असं तिच्या चरित्रात नोंदलं आहे. इथे गढूळ म्हटलंय ते बिअरला!

बिअर तेव्हा होतीच, आणि आवडीची होती. अँथिमस नावाच्या वैद्याने फ्रँक राजा थेउडेरिकला लिहिलेल्या आहारविषयक पत्रात ती प्रकृतीला चांगली म्हटली आहे. पण तिला धान्य लागतं, म्हणजे घरातल्या भाकरीच्या वाट्यातलंच. तहानेपुरती ती सगळ्यांना रोज कुठून पुरणार?

खरे आर्नुल्फ मात्र या मजकुरात कुठेच नाहीत. ते बिशप होण्याआधी दरबारी सरदार होते. लग्न झालेलं, दोन मुलगे. ६१३ मध्ये त्यांनी आणि पेपिन या सरदाराने ऑस्ट्रेशियाची सत्ता हाती असलेल्या राणी ब्रुनहिल्डाच्या विरोधात पश्चिमेकडच्या फ्रँक राज्याचा राजा क्लोथार (दुसरा) याची बाजू घेतली. राज्य क्लोथारच्या हाती आलं, ब्रुनहिल्डाला घोड्याला बांधून ठार मारलं गेलं. या सत्तांतरात आर्नुल्फांचा हात होता, हे त्यांच्या भक्तांनीही झाकू नये. त्यानंतर लवकरच ते बिशप झाले आणि ६२३ मध्ये ऑस्ट्रेशियाच्या गादीवर बसवलेल्या, क्लोथारच्या तरुण मुलाचे, डॅगोबेरचे सल्लागार. पुढे त्यांनी सगळं सोडून जायचं ठरवलं तेव्हा डॅगोबेरने धमकावलं : गेलात तर तुमच्या मुलाचं डोकं उडवीन. त्याच्या जिवाचा धनी देव आहे, असं आर्नुल्फांनी उत्तर दिलं. राजाने तलवार उपसली, तरी ते डगमगले नाहीत. ६२९ च्या सुमारास ते व्होज डोंगरात, रेमिरमाँजवळ, मित्र रोमारिक यांच्या सोबतीला गेले. तिथे कुष्ठरोग्यांचे पाय धुणं, त्यांची अंथरुणं घालणं, त्यांच्यासाठी रांधणं ही कामं राज्य चालवलेल्या या माणसाने स्वतःच्या हातांनी केली. फ्रँक सम्राट शार्लमेनचं घराणं पुढे त्यांना आपला मूळपुरुष सांगू लागलं.

मग पाण्याऐवजी बिअर पाजणारा संत आला कुठून? नावाच्या घोटाळ्यातून. उत्तर फ्रान्समधल्या सोआसाँचे आर्नुल्फ हे वेगळे, चार शतकांनंतरचे. जन्म सुमारे १०४० चा, फ्लँडर्समधला. आधी सैनिक, मग सोआसाँच्या मठात संन्यासी, नंतर बिशप. शेवटी आजच्या बेल्जियममधल्या आउदेनबुर्ग इथे त्यांनी मठ स्थापला आणि १०८७ मध्ये तिथेच वारले. साथीची आणि बिअरची आख्यायिका त्यांची आहे आणि बेल्जियमचे बिअर बनवणारे त्यांनाच आपला संत मानतात. चित्रांवरूनही दोघं ओळखता येतात. मेत्सच्या आर्नुल्फांजवळ तोंडात अंगठी धरलेला मासा असतो, कारण त्यांनी प्रायश्चित्त म्हणून मोझेल नदीत फेकलेली अंगठी माशाच्या पोटातून परत आली अशी कथा आहे. सोआसाँच्या आर्नुल्फांच्या हाती बिअरचं मिश्रण ढवळायचं लाकडी वल्हं असतं. मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर या दुसऱ्या संतांच्या नावाने, आख्यायिका म्हणून पाठवा. त्यांचा सण १४ ऑगस्टला असतो.