बाळंतिणीला मोरी द्यायच्या आधी हे वाचा

वहिनीला सातवा महिना लागलाय आणि आईने आत्तापासूनच सांगून ठेवलंय की बाळंत झाली की मोरीचं कालवण द्यायचं, दूध भरपूर येतं. आम्ही मूळचे गुहागरकडचे, आमच्यात मोरी म्हणजे बाळंतिणीचा मासा, आजीने आईला दिली, आईने मला दिली, त्यामुळे परवा मी "आई, या वेळी मोरी नको गं" म्हणाले तेव्हा तिला खरंच वाईट वाटलं. फोनवर तिला धड समजावता आलं नाही म्हणून इथे लिहितेय, माझ्या लिस्टमध्ये मासे खाणारी पुष्कळ घरं आहेत आणि त्यात लहान मुलं पण आहेत.

मोरी म्हणजे शार्क. कोळसा जळतो, कारखाने चालतात, त्यातून पारा हवेत जातो आणि शेवटी पाण्यात उतरतो, तिथे तळाच्या गाळातले जीवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे अंगात साठणारं विषारी रूप, करतात. ते पाण्यातल्या बारीक जीवांत जातं, त्यांना छोटे मासे खातात, छोट्यांना मोठे, आणि सगळ्यात वर मोरी बसलेली. अंगात गेलेलं हे विष पटकन बाहेर पडत नाही, माणसाच्या शरीरात सुद्धा निम्मं व्हायला साधारण 50 दिवस लागतात, म्हणून वरच्या माशात ते पाण्यापेक्षा लाखो पटींनी जास्त साठतं. आणि धुवा, हळद-मीठ लावा, आगळात ठेवा, कडक तळा, ते जात नाही, कारण ते मांसातच बांधलेलं असतं. "आम्ही नीट साफ करून घेतो" हे इथे कामाचं नाही.

जपानच्या मिनामाता गावात काय झालं ते वाचलं तेव्हा माझी झोप उडाली होती. तिथला केमिकल कारखाना पाऱ्याचं सांडपाणी खाडीत सोडत होता, आधी मांजरं वेड्यासारखी नाचत मेली, मग 1956 मध्ये माणसांचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला, हातपाय बधिर, बोलणं अडखळणारं, नजर गेलेली. आणि आया वरवर बऱ्या दिसत होत्या पण बाळं जन्मतःच मेंदूला इजा झालेली, कारण हे वारेतून बाळापर्यंत जातं. कारण कारखानाच आहे हे सरकारने कबूल केलं 1968 मध्ये, बारा वर्षांनी! आपल्याकडचं प्रमाण मिनामाताएवढं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण पोटातल्या बाळाचा मेंदू तोच असतो ना.

मासे सोडा असं मात्र कुणी समजू नका, त्यातलं ओमेगा थ्री त्याच मेंदूला हवं असतं. अमेरिकेत गरोदर बायकांना आठवड्याला साधारण 225 ते 340 ग्रॅम कमी पाऱ्याचे मासे खायला सांगतात आणि शार्क टाळायला सांगतात, सुरमईचा तिकडचा मोठा भाऊबंद, किंग मॅकरेल, पण टाळायच्या यादीत आहे. म्हणून मी घरात ठरवलंय, वहिनीला तारली, मांदेली, बांगडा, आणि मोठ्या सुरमईचे जाड तुकडे नको. इथे पुण्यात गणेश पेठेतल्या मासेवाल्या मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या "ताई, लोक मोठी सुरमईच मागतात, तारलीला कोण विचारतंय," स्वस्त मासा म्हणजे हलका मासा हे आपल्या डोक्यात बसलंय आणि इथे ते नेमकं उलटं आहे.

आता समुद्राचं झालं, आपल्या नदीचं काय? मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात जाते, म्हणजे आपल्या बाथरूमचं, वर्कशॉपचं, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचं जे काही न शुद्ध करता सोडलं जातं ते धरणात जाऊन साठतं. त्याच उजनीची चिलापी भिगवणला लिलावात विकली जाते आणि गाड्या भरून परत पुण्यात येते. 2018 च्या केंद्रीय यादीत देशात 351 प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले 53 एकट्या महाराष्ट्रात, आणि मुळा-मुठा त्यात आहेच. भिगवणच्या मच्छीमारांचा यात काडीचा दोष नाही, घाण आपण सोडतो आणि पोट त्यांचं त्यावर आहे. शिसं, कॅडमियम असले धातू माशाच्या कल्ल्यांत, लिव्हरमध्ये, मूत्रपिंडात जास्त साठतात, तेव्हा डोकं-कल्ले-आतडी घालून रस्सा करण्याची सवय असेल तर नदीच्या माशाला तरी सोडा. चरबीत साठणारी कीटकनाशकं पण असतात, त्यासाठी कातडी आणि पोटाकडची चरबी काढली तर फायदा होतो, पाऱ्याला मात्र नाही.

फॉर्मेलिनचं विचारणारे येतीलच, 2018 मध्ये गोव्यात त्यावरून केवढा गोंधळ झाला होता. तो मासा टिकवायला वरून लावलेला प्रकार, त्याची तपासणी पट्टीवर करता येते, कोचीच्या मत्स्य संस्थेने किट पण काढलंय. पारा पट्टीवर दिसत नाही, त्याला लॅबच लागते, म्हणूनच मला वाटतं की पुण्यात येणारा मासा नियमित तपासून त्याचे आकडे बाजाराच्या दारात मोठ्या अक्षरात लावायला हवेत, भाव लावतात तसे, आणि हे मागायला मी वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज देणार आहे, कोथरूड-कर्वेनगरमधलं कुणी सही करायला येणार असेल तर इनबॉक्स करा.

आईला रात्री परत फोन केला. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "बरं, मग खोबरं घालून तारलीचं तिखलं पाठवते, ते तरी चालेल ना?"