पास इंटरफिअरन्सवर कोच चॅलेंज करू शकत नाही

एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची प्रो लीग) पास इंटरफिअरन्सचा, म्हणजे पास पकडायला जाणाऱ्याला नियमाबाहेर अडवण्याचा, रेफरीचा कॉल चुकला तर कोच लाल फ्लॅग टाकून चॅलेंज करू शकतो, म्हणजे व्हिडिओ रिव्ह्यू मागू शकतो आणि पेनल्टी 15 यार्डांचीच असते, असा मेसेज फिरतोय, प्लीज पुढे पाठवू नका. जानेवारी 2019 च्या रॅम्स-सेंट्स मॅचमध्ये बॉल पोचायच्या आधीच डिफेंडरने रिसीव्हरला (पास पकडणाऱ्याला) सरळ धडक दिली तरी रेफरीचा फाउलचा फ्लॅग पडला नाही, त्यावरून एवढा गदारोळ झाला की लीगने रिव्ह्यूचा नियम आणला, पण तो 2019 च्या सीझनपुरताच, 2020 ला रिन्यूच केला नाही. आत्ताच्या रूलबुकातही नाहीये. आणि 15 यार्डांची मर्यादा कॉलेज फुटबॉलमध्ये. एनएफएलला डिफेन्सने फाउल केला की बॉल थेट फाउल झाला त्या जागेवर, 40 यार्ड असले तरी! आधी फॉरवर्ड केला असेल तर तिथे हे टाका.