‘रिकामीच होती’ म्हणणाऱ्यांसाठी

लग्नसराई आली की खान्देशातल्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतो : ‘बंदूक लायसनची, नळी आभाळाकडे, मग वरातीत दोन बार काढले तर बिघडलं कुठं? रात्री वावरात डुकरावर झाडली, तर तिथं कुणी नसतंच. रिकाम्या बंदुकीला काय भ्यायचं? झालाच अपघात, तर नशीब.’

आधी आभाळाचं बघू. नाचत्या वरातीत नळी सरळ उभी राहत नाही, आणि तिरपी सुटलेली गोळी जीव घेण्याइतका वेग राखून किलोमीटरभर लांबही उतरू शकते. वैशाखाच्या उकाड्यात आपली माणसं झोपतात कुठं? धाब्यावर, गच्चीवर, उघड्या आभाळाखाली.

लायसनची ढालही चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून शस्त्र अधिनियमात आनंदाच्या भरात, इतरांचा जीव धोक्यात घालून केलेला गोळीबार हा वेगळा गुन्हा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वावरात कुणी नसतं म्हणे! हे लिहिणाऱ्यानं रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी भरलेलं दिसत नाही. पानाआड डुक्कर खसखसतं तसाच बारं धरणारा, म्हणजे पाणी भरणारा माणूसही खसखसतो.

आता ‘रिकामी’. आमच्याकडे राखणीला ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक होती. ती भरलेली आहे की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. आजोबा नळीत गज सोडायचे. रिकाम्या नळीत तो जिथवर जाई, तिथं त्यांनी खूण कोरली होती. खूण बाहेर राहिली की आत दारू आहे. दुसऱ्यानं तपासून हातात दिली तरी ते पुन्हा गज घालायचे, आम्ही पोरं हसायचो. पिस्तुलात फसगत वेगळी. मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं तरी चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी सुटायला तयार बसलेली गोळी तिथंच असते. म्हणून आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचं. क्रम उलटला तर पुढची गोळी आपणच चेंबरात चढवतो, आणि वर म्हणतो, रिकामी केली. बारा बोअरची दुनळी उघडून दोन्ही नळ्यांतून उजेड बघायला तर दोन सेकंदही लागत नाहीत.

राहिलं नशीब. फोटोसाठी भाच्याच्या हातात बंदूक देतो तो मामा, आणि परवानाही मामाच्याच नावाचा. निष्काळजीपणानं कुणी दगावलं, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आधी ती दोन वर्षांपर्यंतच होती.