खुलासा: फेस आला की प्रेशर कमी करा, हे चुकीचं आहे

घरच्या ड्राफ्ट बिअर सेटअपबद्दल (केग म्हणजे बिअरच्या पिंपातून गॅसच्या दाबाने पाइपातून नळाला बिअर आणायची सोय) एक सल्ला सगळीकडे फिरतोय, की ग्लासात नुसता फेस येत असेल तर रेग्युलेटरवर, म्हणजे गॅसचा दाब कमी-जास्त करायच्या उपकरणावर, प्रेशर 4-5 पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) आणा, काम झालं. नाही होत हो! पहिले एक-दोन ग्लास बरे वाटतात, पण केगमधल्या बिअरमधून गॅस हळूहळू सुटायला लागतो, पाइपात बुडबुडे जमतात आणि फेस उलट वाढतो, वर काही दिवसांनी बिअर पचपचीत होते ती वेगळीच.

बिअर 3-4 अंश सेल्सिअसला असेल तर साधारण 10 ते 12 पीएसआय लागतंच, ते तसंच ठेवा. बदलायचा तो पाइप. किटमध्ये बऱ्याचदा चार-पाच फुटांचा तुकडा देतात, तो फारच आखूड पडतो. आतून 3/16 इंच व्यासाचा, 10 फूट घ्या. पाइपातल्या घर्षणानेच प्रेशर उतरतं आणि बिअर नळातून शांत येते. जाड म्हणजे 1/4 इंचाचा घेतलात तर घर्षण खूप कमी, मग लांबी कैकपट लागेल.

आणि नळ. तो फ्रिजच्या बाहेर गरम राहतो म्हणून पहिला ग्लास फेसाळतो, त्यात पाइपाचा दोष नाही. नळ घ्यायचा तर स्टेनलेस स्टीलचाच घ्या, क्रोम चढवलेल्या पितळेचा मुलामा झिजला की पितळ बिअरला लागतं आणि चवीत धातू उतरतो. इथे पैसे वाचवू नका, बाकी हँडल वगैरे कसलंही चालतं.