पोराला गड्डा बघायलाही वेळ नाही

संक्रांत होऊन आठ दिवस झाले तरी माझं डोकं शांत झालेलं नाही. घरात बोलले तर भांडण होईल, म्हणून इथं लिहितेय.

यंदा दीर-जाऊ पुण्याहून इथं सोलापूरला गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला आले, तीन वर्षांनी. पुतण्या आठ वर्षांचा, तिसरीत. मी दिवाळीतच ठरवून टाकलं होतं की या वेळी पोराला बाराबंदी, म्हणजे यात्रेत घालायचा बंदांचा पांढरा अंगरखा शिवायचा आणि सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी घेऊन जायचं. फोनवर माप मागवलं. टेलरच्या दुकानात चार खेपा घातल्या, कारण जानेवारीत त्यांच्याकडं बाराबंदीची रांग लागलेली असते. पोरानं आल्या आल्या ती घातली आणि संध्याकाळपर्यंत काढायला तयार नव्हतं. आरशासमोर जाऊन बंद सोडायचं, परत बांधायचं.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक आमच्या रस्त्याला लागली. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघालेल्या मानाच्या सात काठ्या, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली हजारो माणसं, कमरेला पट्टा बांधून एवढी उंच काठी तोलत चाललेली पोरं, आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ ही आरोळी. ती छातीत घुमते. पुतण्या जिन्यात उभा होता, माझा हात धरून. आम्ही शेवटच्या पायरीवर होतो. वरून हाक आली. क्लासची वेळ झाली होती.

अबॅकसचा ऑनलाइन क्लास. गड्ड्याच्या दिवशी! मी वर जाऊन म्हटलं, अगं, आजचा एक दिवस राहू दे. तर जाऊ म्हणाली, “चाळीसच मिनिटं ताई. बॅच चुकली की लेव्हल मागं पडते, आणि पैसे परत मिळत नाहीत.” पोरगं बाराबंदी घालून मोबाइलसमोर बसलं. हवेत बोटं हलवून बेरजा करत होतं. खिडकीखालून हलग्या वाजत गेल्या, आरोळ्या गेल्या, आणि त्याची मान दर मिनिटाला खिडकीकडं वळायची. दर वेळी मोबाइलमधली बाई म्हणायची, फोकस. चाळीस मिनिटांनी आम्ही खाली आलो तेव्हा रस्त्यावर नुसत्या चपला, भंडारा आणि फुलांचा चिखल उरला होता. पोरगं काही बोललं नाही. रडलंही नाही. तेच मला सहन झालं नाही. आठ वर्षांचं पोर अशा वेळी आदळआपट करतं. याला सवय झालेली आहे.

रात्री मी त्याचा आठवडा विचारून घेतला. अबॅकस झालं, मग कोडिंग, मग फोनिक्स, मग स्केटिंग, मग गिटार, मग कसल्यातरी ऑलिम्पियाडचा सराव, आणि रविवारी सकाळी बुद्धिबळ. खेळतो कधी, तर शनिवारी संध्याकाळी, सोसायटीच्या बागेत, त्याच्या वयाची कुणी खाली आली असतील तर. तीही आपापल्या क्लासला गेलेली असतात. जाऊ हे सगळं अभिमानानं सांगत होती असंही नाही. सांगता सांगता तिचाच आवाज खाली गेला.

तिची चूक आहे असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ही मुलगी बार्शीकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, विहिरीत पोहलेली. तिला सगळं कळतं. ते दोघं सकाळी आठला हिंजवडीकडं निघतात आणि त्या वाहतुकीतून रात्री आठला घरी येतात. फ्लॅटचा हप्ता वीस वर्षांचा. एकाच्या पगारात तो भागत नाही, म्हणून दोघांनी कमवायचं. दोघं कमावतात म्हणून पोराला सांभाळायला कुणी नाही. शाळा तीनला सुटते. तीन ते आठ पोरगं ठेवायचं कुठं? क्लासमध्ये! एका क्लासची गाडी त्याला दुसऱ्या क्लासला सोडते. हे पाळणाघर आहे हो, फक्त त्याला कौशल्यविकास असं नाव दिलंय, म्हणजे आईबापाला अपराधी वाटत नाही आणि फी चौपट घेता येते. आणि मग ती फी भरायची म्हणून परत ओव्हरटाइम.

पहिलीच्या प्रवेशाला म्हणे शाळेनं दोघांना बसवून मुलाखत घेतली. शिक्षण काय, कंपनी कुठली, घरात इंग्रजी किती बोलता. दीर सांगत होता आणि मला संताप येत होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की प्रवेश देताना मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावायची नाही. लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढं प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. मी म्हटलं, मग तक्रार का नाही केलीस? म्हणाला, “वहिनी, तक्रार केली तर पोराला शाळेत घेणार कोण?” इंजिनिअर माणूस, कंपनीत वीस जणांची टीम सांभाळतो, आणि पोराच्या शाळेपुढं हात जोडून उभा राहतो. ह्याला सगळे महत्त्वाकांक्षा म्हणतात. मला त्यात नुसती भीती दिसते. शेजारचं पोर पुढं जाईल, आपलं मागं राहील, एवढीच. ती भीती विकणारे तिथं प्रत्येक चौकात दुकान मांडून बसलेत.

आता भाषेचं. ह्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण घाव तिथं बसला. आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू, चार-पाच कानडी, कोपऱ्यावरचे बेकरीवाले दखनी बोलणारे, बाकी आम्ही. माझी पोरगी मैत्रिणीच्या आजीशी तेलुगूत बोलते, भाजीवाल्या अक्काशी कानडीत घासाघीस करते, आणि हे तिला कुणीही शिकवलेलं नाही. ओट्यावर बसून, लगोरी खेळून, कुणाच्या लग्नात पंगतीला वाढून ते आलंय. पुतण्या त्या दिवशी तासभर खाली पोरांत खेळला. तासभरच. वर आला, घामाघूम, गुडघा खरचटलेला, आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, “काय करूलालीस काकू?” मला इतका आनंद झाला की हातातलं लाटणं तसंच राहिलं. माझ्या सासऱ्यांची भाषा त्या पोराच्या तोंडून आली.

आणि जाऊ लगेच म्हणाली, “असं नाही बोलायचं. तिकडं मुलं हसतील.” पोरगं गप्प झालं. नंतर दोन दिवस माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्याआधी थांबायचं, तपासून बघायचं. पाचवीपासून त्याला फ्रेंच लावणार आहेत. पैसे भरून. आमच्या गल्लीत चार भाषा फुकट सांडलेल्या आहेत, त्यांतल्या एकीचा एक शब्द तोंडात आला तर त्याला गप्प करायचं, आणि फ्रेंचला मात्र महिन्याची फी!

सोलापूरकरांना महत्त्वाकांक्षा कळत नाही असं कुणी मला सांगू नये. १८७७ मध्ये इथं जुनी मिल, ही कापडगिरणी उभी राहिली, माझ्या सासऱ्यांच्या वडिलांचं आयुष्य भोंग्यावर उठण्यात आणि भोंग्यावर झोपण्यात गेलं. सासरे लूमवर. दोघांनाही वाटायचं की पोरांनी ह्या खडखडाटातून बाहेर पडावं, आणि त्यासाठी त्यांनी पोटाला चिमटा काढला. शहराच्या पूर्व भागात आजही बायका सुपात तेंदूची पानं घेऊन दिवसभर विड्या वळतात आणि त्यावर पोरींना नर्सिंगला, डीएडला घालतात. ती महत्त्वाकांक्षा नाही? डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्याच गावात १९१० मध्ये जन्मले, मुंबईत डॉक्टर झाले आणि १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले. चार वर्षांनी तिथंच वारले, वय अवघं बत्तीस. कोटणीसांनी काय मागितलं होतं आयुष्याकडून? आताच्या पोराला विचारा मोठेपणी काय होणार, तर तो पॅकेजचा आकडा सांगतो. तिसरीतला पोरगा! माझ्या पुतण्यानं मला विचारलं, काकू, काकांचं पॅकेज किती? आमचं टॉवेलचं दुकान आहे. मी त्याला काय सांगू?

बरं, हे पुण्यापुरतं राहिलं असतं तर मी एवढी चिडले नसते. ते रेल्वेत बसून इथं पोचलंय.

माझी मुलगी दहावीला आहे. गेली तीन वर्षं, म्हणजे ती सातवीत असल्यापासून, मला भेटणारं प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतंय: पुण्याला टाका. सात रस्ता चौकात भेटलेली शाळेतली बाई तेच म्हणते, भिशीतल्या बायका तेच, हळदीकुंकवाला आलेली नात्यातली सासू तर वाण घ्यायच्या आधी तेच. सोलापुरात काय ठेवलंय? टाका म्हणे! पोर म्हणजे काय पोत्यात भरायचं सामान आहे? मागं मी एका क्लासच्या माहिती सत्राला गेले होते. एसी हॉल, मोठा पडदा, पडद्यावर यशस्वी पोरांचे फोटो. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. सूटबूट घातलेला तरुण मला म्हणाला, आठवीपासून फाउंडेशन केलं नाही तर तुम्ही ऑलरेडी लेट आहात मॅडम. मी म्हटलं, तिला अजून काय व्हायचंय ते ठरायचंय. तर सगळ्यांसमोर म्हणतो, “तुम्हाला मुलीच्या भवितव्याची काळजी नाही का?” तिच्या तापात मी रात्र रात्र जागलेय, आणि हा मला काळजी शिकवतो! घरी येताना रिक्षात मी रडले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या रात्री मी खरंच हिशेब करत बसले, की दुकानावर कर्ज काढलं तर फी जमेल का.

केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नये. कोण विचारतं? अजूनही आठवीच्या बॅचचे बॅनर लागतात. अकरावीला हजेरी एका कॉलेजात आणि पोरगं दिवसभर क्लासात, हे तर आता लपवायचीही गरज राहिलेली नाही. २०२४ च्या नीटला २३ लाखांवर पोरं बसली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा देशभरात, सरकारी आणि खाजगी मिळून, लाखाच्या थोड्या वर. म्हणजे वीस लाखांहून जास्त पोरांना जागा मिळणारच नव्हती, त्यांनी कितीही रात्री जागवल्या तरी. हे गणित त्या एसी हॉलमध्ये कुणी पडद्यावर लावत नाही. तिथं फोटो लावतात.

आणि राजस्थानात कोटा ह्या क्लासांच्या गावात काय केलं माहितीये? पोरं जीव द्यायला लागली तेव्हा २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या प्रशासनानं वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचे आदेश काढले. पंख्यांना! पोरं तिथं का मरतात ह्याचं उत्तर लोखंडाच्या दुकानात शोधलं. मी ती बातमी वाचली त्या दिवशी दुकानात बसवेना. शटर ओढून घरी आले आणि मुलीला नुसतं जवळ घेतलं. तिला कळेना आईला काय झालं.

लोक म्हणतील, इथं आहे काय? मला ठाऊक आहे इथं काय नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी तेवढी कामं देणारं काही आलं नाही. उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात आणि शहरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी. शिकलेल्या पोरांना पुण्याच्या गाडीत बसण्यावाचून दुसरा रस्ता ठेवलेला नाही, आणि त्याचा राग ज्यांनी वर्षानुवर्षं इथं सत्ता भोगली त्यांच्यावर आहेच. त्या पुण्याच्या गाडीला हुतात्मा एक्सप्रेस हे नाव १९३१ मध्ये फासावर गेलेल्या आमच्या चार हुतात्म्यांवरून पडलं. त्या गाडीनं रोज सकाळी सोलापूरची तरणी पोरं जातात, आणि मागं घरात दोन म्हातारी माणसं आणि एक रिकामी खोली उरते. जाऊ द्यात. पोटासाठी जावंच लागतं, दीरही तसाच गेला, आम्हीच त्याला स्टेशनवर सोडलं. पण तिथं गेल्यावर पोराच्या आयुष्यातली दुपार का काढून घ्यायची? पुण्यात घर घेतलं म्हणून पोरानं ‘करूलालीस’ का विसरायचं?

दारूकाम बघायला ते थांबले नाहीत. होम मैदानावर शोभेचं दारूकाम हे गड्ड्यातलं पोरांचं सगळ्यात आवडतं, पण दुसऱ्या दिवशी ऑलिम्पियाडची सराव परीक्षा होती. निघताना पोरानं बाराबंदी घडी करून माझ्या हातात दिली. म्हणालं, इथंच ठेव काकू, तिकडं घालायला काही नसतं. मी ती कपाटात ठेवली. पुढच्या वर्षी आखूड होणार.

काल मी दिराला फोन केला. सरळ सांगितलं, मे महिन्यात पोरगा महिनाभर माझ्याकडं पाहिजे, मोबाइल आणि टॅब तिकडंच ठेवून. ऊन आहे म्हणू नकोस, तूही ह्याच उन्हात वाढलास. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “बघतो वहिनी. पण समर कॅम्पचे पैसे भरून झालेत.”

जानेवारी चालू आहे. मे महिन्याचे पैसे भरून झालेत!