एक्सपीचा टिक आणि जुनं फ्लाइट सिम्युलेटर

फ्लाइट सिम्युलेटर २००४ किंवा फ्लाइट सिम्युलेटर एक्स हे मायक्रोसॉफ्टचे विमान उडवायचे जुने गेम विंडोज १० अथवा ११ वर चालवायचं म्हटलं की एक ठरलेला तोडगा सगळीकडून पुढे येतो. सेटअपवर राइट क्लिक करा, कंपॅटिबिलिटीत विंडोज एक्सपी निवडा आणि कायम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. तरीही चाललं नाही तर सेफडिस्क या सीडीची नक्कल रोखणाऱ्या प्रणालीची जुनी ड्रायव्हर फाइल नेटवरून उतरवून सिस्टिम३२ मध्ये टाका आणि टेस्ट मोड लावा. डायरेक्टएक्स १२ आहेच, त्यामुळे जुनं डायरेक्टएक्स नको. मेन्यू उघडताना गेम बंद पडला तर यूआयऑटोमेशनकोअर ही डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणारी सहायक फाइल, बदला. मेमरी संपल्याचा मेसेज आला तर रॅम वाढवा.

यातल्या काही गोष्टी विंडोज ७ च्या काळात खऱ्या होत्या. पण हे दोन गेम वेगळे आहेत आणि त्यांच्या अडचणीही वेगळ्या आहेत. २००४ ची आवृत्ती जुलै २००३ मध्ये चार सीडींवर आली. खेळताना चौथी सीडी ड्राइव्हमध्ये लागते आणि ती खरी आहे की नाही हे सेफडिस्क तपासतं. एक्स ही आवृत्ती ऑक्टोबर २००६ मध्ये डीव्हीडीवर आली. तिला प्रॉडक्ट की आणि ॲक्टिव्हेशन लागतं, खेळताना डिस्क लागत नाही. दोघांना एकच उपाय सांगितला की पहिल्याचा प्रश्न सुटत नाही आणि दुसऱ्यात नसलेला प्रश्न तयार होतो.

दावा : एक्सपी कंपॅटिबिलिटी लावली की काम होतं

कंपॅटिबिलिटी मोड नेमकं करतो तरी काय? प्रोग्रामने ‘ही कोणती विंडोज?’ असं विचारलं की विंडोज त्याला जुना आकडा सांगते, आणि काही ठरावीक सिस्टिम कॉल जुन्या पद्धतीने वागवते. एवढंच. जो ड्रायव्हर सिस्टिममध्ये नाही तो यातून येत नाही, जी डीएलएल नाही तीही येत नाही.

एक्सच्या बाबतीत तर हा टिक उलटा पडतो. त्याचे दोन्ही सर्व्हिस पॅक २००७ मधले, म्हणजे व्हिस्टा बाजारात आल्यानंतरचे. पहिला मे महिन्यात आला, दुसरा डिसेंबरमध्ये. दुसऱ्या पॅकमधला ‘डायरेक्टएक्स १० प्रिव्ह्यू’ हा पर्याय व्हिस्टा आणि पुढच्या विंडोजसाठीच आहे. गेमला ‘तू एक्सपीवर आहेस’ असं सांगितलं की सेटिंगमध्ये तो पर्याय निवडताच येत नाही, आणि मग लोक ग्राफिक्स कार्डात दोष शोधत बसतात. टिक आधीच मारला असेल तर गेम सुरू करणाऱ्या मुख्य एक्झी फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन काढा. एकदा लावलेला टिक आपोआप निघत नाही.

एक्सचं इन्स्टॉलेशन बिघडवते ती बहुतेक वेळा क्रमातली चूक. आधी मूळ गेम टाका. तो एकदा उघडा, एक साधं उड्डाण सुरू करा आणि नीट बंद करा, म्हणजे सेटिंग साठवणारी कॉन्फिग फाइल तयार होते. मग पहिला सर्व्हिस पॅक, रीस्टार्ट, गेम पुन्हा एकदा उघडून बंद, आणि त्यानंतर दुसरा. दुसरा पॅक पहिल्याशिवाय बसत नाही. तुमच्याकडे ‘ॲक्सिलरेशन’ ही विस्तार डिस्क असेल तर दोन्ही पॅकमधल्या दुरुस्त्या तिच्यातच आहेत. अशा वेळी मूळ गेमनंतर थेट ॲक्सिलरेशन टाका, पॅक वेगळे टाकू नका. कुठवर पोचलात हे मुख्य एक्झीच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘डिटेल्स’मध्ये दिसतं. आवृत्तीच्या शेवटी ६०९०५ असेल तर गेम मूळ अवस्थेत आहे, ६१३५५ म्हणजे पहिला पॅक, ६१४७२ म्हणजे दुसरा आणि ६१६३७ म्हणजे ॲक्सिलरेशन.

दावा : सेफडिस्कची ड्रायव्हर फाइल टाकून टेस्ट मोड लावला की २००४ चालतं

या तोडग्यातला सगळ्यात घातक सल्ला हा आहे. सेफडिस्कचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या सगळ्यात आतल्या थरात चालतो. त्याच्यात साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून पूर्ण ताबा मिळवता येईल अशी त्रुटी निघाली होती, आणि डिसेंबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी सुरक्षा दुरुस्ती काढावी लागली. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये हा ड्रायव्हर ठेवलाच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने व्हिस्टा, ७ आणि ८ वरही तो बंद करून ठेवला.

आता ६४-बिट विंडोजवर नेटवरून आणलेली ती फाइल चालवायची तर काय काय मोडावं लागतं ते पाहा. टेस्ट मोडसाठी आधी बायोसमधलं सिक्युअर बूट बंद करावं लागतं. टेस्ट मोड लावला की मायक्रोसॉफ्टची मान्यता नसलेल्या ड्रायव्हरलाही दार उघडं होतं, फक्त या एका फाइलला नाही. विंडोज ११ मधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ आड आली की तीही बंद करायला सांगतात. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात, मुलांच्या शाळेचं काम होतं, त्याची तीन कुलपं एका गेमसाठी काढायची नाहीत. डिस्कची तपासणी उडवलेली एक्झी फाइल कुठूनतरी उतरवायची हाही त्याच जातीचा सल्ला आहे. तिच्यात आणखी काय घातलंय हे तुम्हाला बाहेरून कळत नाही.

२००४ खेळायचंच असेल आणि घरात विंडोज ७ चा जुना कॉम्प्युटर पडून असेल, तर तो इंटरनेटपासून तोडून फक्त यासाठी ठेवा. त्याच्यावर ड्रायव्हर असतो, फक्त झोपवलेला असतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एससी स्टार्ट’ या आज्ञेने त्या ड्रायव्हरची सेवा सुरू करायची, खेळून झाल्यावर ‘एससी स्टॉप’ने थांबवायची. सुरू होत नसेल तर आधी ‘एससी कॉन्फिग’ने सेवेचा प्रकार ‘डिमांड’ करावा लागतो. तिथे ‘स्टार्ट’ या शब्दाला लागूनच बरोबरचं चिन्ह येतं आणि चिन्हानंतर एक जागा सोडायची असते. ती जागा राहिली की आज्ञा चुकीची ठरते. जुना कॉम्प्युटर नसेल तर नव्या मशीनवर एक्स ही आवृत्ती घ्या. २००४ पेक्षा तिथे तुमचा वेळ सत्कारणी लागेल.

दावा : प्रोग्राम फाइल्समध्येच टाका आणि कायम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा

नवीन विमानतळ टाकला, कालपर्यंत दिसत होता, आज गायब. ही तक्रार नेहमीची आहे आणि तिचं मूळ या सल्ल्यात आहे.

२००४ ची सीनरीची, म्हणजे विमानतळ आणि भूभागाची, यादी गेमच्या मुख्य फोल्डरात असते. गेम प्रोग्राम फाइल्समध्ये असेल आणि तुम्ही साध्या खात्याने चालवत असाल तर विंडोज त्याला तिथे लिहू देत नाही. जुना प्रोग्राम कोलमडू नये म्हणून त्याने लिहिलेली फाइल गुपचूप तुमच्या यूजर फोल्डरातल्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर इथे ठेवते. पुढच्या वेळी गेमला तीच प्रत दिसते आणि सगळं ठीक वाटतं. मग कुणाच्या तरी सल्ल्याने तुम्ही गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडता. त्या अवस्थेत हे वळवणं चालत नाही, गेम प्रोग्राम फाइल्समधली मूळ यादी वाचतो आणि तिच्यात तुमचा विमानतळ नसतो. फाइल हरवलेली नसते. एकाच नावाच्या दोन फाइली झालेल्या असतात. व्हर्च्युअलस्टोअरमधली प्रत मूळ जागी हलवली की विमानतळ परत येतो.

एक्स आवृत्तीने सीनरीची यादी प्रोग्रामडेटात नेली, त्यामुळे हा घोळ तिथे कमी आहे. पण हाताने विमानं आणि पॅनल टाकताना परवानग्यांची कटकट राहतेच. सरळ उपाय म्हणजे गेम सी किंवा डी ड्राइव्हच्या मुळाशी नवा फोल्डर करून त्यात टाका. साधारण १५ जीबी जागा मोकळी हवी. सेटअप तेवढा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, गेम साध्या खात्याने. गेम एका अधिकाराने आणि त्याला जोडणारा दुसरा प्रोग्राम वेगळ्या अधिकाराने चालत असेल तर दोघांचं बोलणं तुटू शकतं, हेही लक्षात ठेवा.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. विंडोजचं खातं उघडताना नाव देवनागरीत टाकलं असेल तर यूजर फोल्डरही देवनागरीत तयार होतो. युनिकोड न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रामसाठी विंडोजमध्ये भाषांचे जे कोड पेज आहेत, त्यांत देवनागरीला जागाच नाही. त्यामुळे ॲड-ऑनच्या, म्हणजे गेममध्ये वरून टाकायच्या विमानं-विमानतळांच्या, जुन्या इन्स्टॉलरला तुमच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात आणि ‘पाथ सापडत नाही’ म्हणून तो थांबतो. खात्याचं नाव नंतर बदलून फायदा नाही, फोल्डरचं नाव तसंच राहतं. इंग्रजी अक्षरांत नवं खातं उघडा, आणि दिसणारं नाव मग हवं तर मराठीत करा.

दावा : डायरेक्टएक्स १२ आहे, जुनं नको

एक्स हा डायरेक्टएक्स ९ चा गेम आहे. विंडोज ११ मध्ये ९ चा गाभा आहे, पण त्या काळचे गेम ज्या जोड-डीएलएल वापरायचे त्या विंडोजसोबत येत नाहीत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम टाकायचं. त्याने १२ ला धक्का लागत नाही, नसलेल्या फाइली तेवढ्या शेजारी येऊन बसतात. इथे हमखास होणारी चूक अशी की उतरवलेली मोठी फाइल चालवली की ती फक्त एका फोल्डरात सगळं उलगडून ठेवते आणि लोक काम झालं म्हणून तिथेच थांबतात. त्या फोल्डरातली ‘डीएक्ससेटअप’ ही एक्झी वेगळी चालवावी लागते.

दावा : मेन्यूत बंद पडलं की यूआयऑटोमेशनकोअर बदला

विंडोज ७ वर हे दुखणं खरं होतं. मेन्यू बरेचदा उघडले की एक्स कोसळायचा, आणि व्हिस्टाची ३२-बिट डीएलएल, आवृत्ती ६.०.५८४०.१६३८६, गेमच्या मुख्य फोल्डरात ठेवली की थांबायचा. फिरत फिरत या सल्ल्यातला ‘गेमच्या फोल्डरात’ हा भाग गळला आणि ‘सिस्टिम३२ मध्ये’ असं झालं. ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरात ६४-बिट फाइली असतात. तिथे ३२-बिटची डीएलएल दडपली तर गेमला ती वापरताच येत नाही आणि विंडोजच्या स्वतःच्या खिडक्या मात्र बिघडतात.

बदलण्याआधी बघा. गेम पडला की लगेच इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, मग ॲप्लिकेशन. त्या वेळेची लाल खूण असलेली नोंद शोधा आणि तिच्यातली ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ ही ओळ वाचा. तिथे यूआयऑटोमेशनकोअर असेल तरच वरचा उपाय करा, आणि डीएलएल स्वतःच्या व्हिस्टा डिस्कवरून घ्या. तिथे जी३डी असेल तर संशय सीनरीवर किंवा राहून गेलेल्या सर्व्हिस पॅकवर घ्या, आणि शेवटी टाकलेला विमानतळ सीनरी लायब्ररीतून बंद करून बघा. कर्नलबेस किंवा एनटीडीएलएल असेल तर त्या नावावरून काहीच ठरत नाही, कारण तिथे कुणाचीही चूक येऊन आदळते. अशा वेळी कॉन्फिग फाइलचं नाव बदलून गेमला नवी करू द्या आणि ॲड-ऑन एकेक करून परत आणा.

दावा : मेमरी संपली तर रॅम वाढवा

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. एक्स हा ३२-बिट प्रोग्राम आहे. दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर ६४-बिट विंडोजवर त्याला जास्तीत जास्त ४ जीबीचे पत्ते वापरता येतात. मशीनमध्ये ३२ जीबी रॅम बसवली तरी हा आकडा हलत नाही. खर्च वाचवा आणि मागणी कमी करा. लेव्हल ऑफ डिटेल रेडियस, म्हणजे किती अंतरापर्यंत बारकावे दाखवायचे तो आकडा, सेटिंगमधून जास्तीत जास्त ४.५ वर जातो. कॉन्फिगमध्ये हाताने ६.५ केला असेल तर परत आणा. टेक्स्चरची, म्हणजे पृष्ठभागांवरच्या चित्रांची, मर्यादा ४०९६ असेल तर १०२४ करून बघा. लांबच्या उड्डाणाच्या शेवटी, मोठ्या विमानतळावर उतरताना गेम पडतो तो याच दोन आकड्यांपायी.

टेक्स्चर काळी पडणं किंवा पॅनलचे तुकडे गायब होणं ही वेगळी भानगड आहे. कॉन्फिग फाइलमधल्या ग्राफिक्स या विभागात एक ओळ वाढवा. हाय, मेम आणि फिक्स हे तीन शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत सलग, मग बरोबरचं चिन्ह आणि १. फाइल ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट या मार्गावर, एफएसएक्स नावाच्या फोल्डरात असते. ॲपडेटा लपवलेला असतो, म्हणून फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन टक्केचिन्हांमध्ये ॲपडेटा लिहून एंटर दाबा, थेट रोमिंगमध्ये पोचाल.

डिसेंबर २०१४ मध्ये आलेली स्टीम आवृत्ती वापरत असाल तर ही ओळ आधीपासून असते आणि सर्व्हिस पॅकही टाकायचे नसतात. डीव्हीडीची आवृत्तीही त्याच मशीनवर असेल तर स्टीमची कॉन्फिग वेगळ्या, एसई जोडलेल्या फोल्डरात जाते. भलतीच फाइल बदलत नाही ना, ते आधी पाहा. जुनी ॲड-ऑन विमानं तिथे सिमकनेक्ट, म्हणजे ॲड-ऑनला गेमशी जोडणारा दुवा, सापडत नाही म्हणून अडून बसतात. गेमच्या एसडीके फोल्डरात सिमकनेक्टच्या आत ‘लेगसी इंटरफेसेस’ आहे, त्यात मूळ, पहिला पॅक आणि दुसरा पॅक असे तीन उपफोल्डर, प्रत्येकात एक इन्स्टॉलर. तिन्ही चालवा. एकाने दुसरा पुसला जात नाही, आणि जुन्या विमानाला नेमका जो हवा असतो तो मिळतो.