२५४ आणि २५४.५

२०२५चा गुढीपाडवा रविवारी आला होता. श्रीखंड-पुरी जरा जास्तच झाली होती, घरातले सगळे आडवे, आणि मी फोनवर स्लोव्हेनियातल्या प्लानित्साची स्की फ्लाइंग लावून बसलेलो. म्हणजे पायांत स्की बांधून, बांधलेल्या टेकडीवरून घसरत येऊन हवेत जमेल तितकं लांब जायचं. स्लोव्हेनियाचाच डोमेन प्रेउत्स सुटला. दोन स्कींच्या मधे डोकं घालून पार आडवा. बाकीचे टेकतात ती जागा मागे पडली तरी हा हवेतच. मग उतरला आणि उभा राहिला. २५४.५ मीटर, विश्वविक्रम! मी ओरडलो, तशी आतून बायको धावत आली. म्हटलं, "एक मुलगा पाव किलोमीटर उडाला."

"पडला?"

"नाही."

"मग ओरडतोस कशाला?"

पण "पडला का" हाच या खेळातला खरा प्रश्न आहे. याच टेकडीवर मार्च १९९४मध्ये ऑस्ट्रियाचा गोल्डबर्गर २०२ मीटरवर उतरला. २०० ओलांडणारा जगातला पहिला माणूस! पण तोल सावरताना हात बर्फाला लागले. झालं, विक्रम बाद. त्याच दिवशी फिनलंडचा टोनी निएमिनेन २०३वर नीट उभा राहिला आणि इतिहासात गेला तो. २००५मध्ये फिनलंडचा आहोनेन इथेच २४० मीटरवर आपटला. त्या वर्षीचा विक्रम मात्र २३९वर उभ्या राहिलेल्या नॉर्वेच्या रोमोरेनचा. आणि माझा सगळ्यात जीव तुटतो तो रशियाच्या व्हासिलिएवसाठी. फेब्रुवारी २०१५, नॉर्वेचं विकेरसुंड, २५४ मीटर, आणि पडला. त्याच दिवशी नॉर्वेचाच फानेमेल २५१.५ वर उभा राहिला, विक्रम त्याचा. व्हासिलिएवच्या पुढे अर्धा मीटर जाऊन कोणी उभं राहायला दहा वर्षं लागली.

लोक म्हणतात, हात टेकला म्हणून काय बिघडलं, उडाला ना? मला नियम बरोबर वाटतो. टेकडीचा उतार उडणाऱ्याच्या वाटेशी जुळवलेला असतो, म्हणून ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने सुटलेला माणूस त्यावर अलगद टेकू शकतो. प्लानित्सात २४० मीटरची खूण आहे. तिच्यापुढे उतार सपाट होत जातो आणि सगळा मार गुडघ्यांवर येतो. तिथे उभं राहणं हेच तर कसब! लांब पडायला काय, मीही पडेन.

ही टेकडी व्लादो आणि यानेझ या गोरिशेक भावांनी बांधली. १९६९च्या पहिल्याच स्पर्धेत मानफ्रेड वोल्फ १६५ मीटर गेला. त्याच दरीतल्या जुन्या टेकडीवर १९३६मध्ये झेप ब्राडल या पोराने पहिल्यांदा शंभरी ओलांडली होती, १०१ मीटर.

आता तुम्ही जपानच्या कोबायाशीची उडी काढणार, माहितीये. एप्रिल २०२४, आइसलँड, २९१ मीटर, आणि उभा राहिला. म्हणजे माझ्याच हिशोबाने मान्य करायला हवं. उडीला शंभर सलाम, पण त्या रांगेत नको. ती टेकडी एकट्या त्याच्यासाठी रचलेली. प्लानित्सात किती उंचावरून सुटायचं हे पंच ठरवतात, तुम्ही नाही. तुमच्या आधीचा तिथूनच सुटून २१०ला टेकलेला असतो. २५४.५ला वजन आहे ते त्या २१०मुळे.

डोमेनच्या धाकट्या बहिणीने, निकाने, त्याच मार्चमध्ये विकेरसुंडला २३६ मीटर मारले होते, तोही महिलांचा विश्वविक्रम. सोळा दिवसांत एकाच घरात दोन. आणि या बायकांना वर्ल्ड कपमध्ये फ्लाइंगची परवानगी कधी मिळाली? २०२३मध्ये. ऑस्ट्रियाची दानिएला इराश्को कुल्मच्या टेकडीवर २०० मीटर गेली ती २००३ साली. मधली वीस वर्षं "बायकांना झेपेल का" यावर खल चालू होता.